बटणांच्या डब्यातलं लग्न

नॅन्टिकोक, पेनसिल्व्हेनिया
१४ नोव्हेंबर

प्रिय हेडी मावशी,

आधी खुर्चीत बस. गॅसवर काहीतरी ठेवून उभ्या उभ्या माझी पत्रं वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं पत्र वाचताना तू कोबी जाळलास आणि खापर माझ्यावर फोडलंस. तेव्हा गॅस बंद कर, चष्मा लाव, आणि मिस्टर ब्रेनन तिथे असतील तर त्यांनाही बसव. असतीलच. 'ते शेजारी राहतात, साखर मागायला येतात' हे तू तुझ्या फ्लोरिडातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना सांग, मला नको. त्यांच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. उलट त्यांनी ऐकावंच.

तर बातमी अशी की क्लेमचं कर्ज गेलं. कॉलेजचं. कमी झालं नाही, हप्ते बांधून मिळाले नाहीत, सगळंच्या सगळं गेलं! मागच्या मंगळवारी न्यायाधीशांनी सही केली. तो कागद मी सात वेळा वाचला आणि क्लेमने एकदाही नाही, कारण त्याला अक्षरंच दिसेनात. त्रेपन्न वर्षांचा माणूस, शाळेचा अख्खा बॉयलर एकट्याने खोलणारा, स्वयंपाकघरात बसून मुसमुसत होता आणि वर मला सांगत होता की कांदा चिरत होतो. मावशी, घरात कांदाच नव्हता.

हे फोनवर का नाही सांगितलं असं म्हणशील. फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतेस. आणि यातल्या एका गोष्टीत तुझाही हात आहे, ती ऐकून तू मध्येच फोन ठेवला असतास. पत्र कसं, ठेवून दिलंस तरी पुन्हा उचलावंसं वाटतं.

कर्जाची कथा तुला पाठ आहे, पण मिस्टर ब्रेनननी ती तुझ्या तोंडून ऐकली असेल, म्हणजे त्यात क्लेम मूर्ख आणि तू शहाणी असशील. खरी अशी. क्लेमला शाळेत संगीत शिकवायचं होतं. त्यासाठी त्याने चार वर्षांत मिळून सव्वीस हजार डॉलर घेतले. शेवटची सहामाही राहिली होती तेव्हा त्याच्या वडलांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि हा पोरगा सामान बांधून घरी आला. पदवी मिळाली नाही, कर्ज मात्र मिळालं. पुढे ज्या शाळेत शिकवायचं स्वप्न होतं तिथेच त्याला बॉयलर सांभाळायची नोकरी लागली, संगीताच्या वर्गाच्या बरोबर खाली. वर पोरं बेताल वाजवायला लागली की हा खालून पाइपवर पाना आपटून ताल द्यायचा. शिकवायचं ते असं शिकवलं बिचाऱ्याने. जमेल तेव्हा हप्ते भरले, नोकरी गेली तेव्हा चुकले, पुन्हा भरले. तीस वर्षांत एकतीस हजार भरून झाले आणि तरी चौऱ्याण्णव हजार शिल्लक! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

आता तुझ्यावर येते. सतरा ऑक्टोबर १९९८. चर्चच्या हॉलमध्ये माझ्या लग्नाचं जेवण चाललं होतं, क्लेम स्वतःच्याच लग्नात अकॉर्डियन वाजवत होता, आणि तू मला मागच्या स्वयंपाकघरात ओढलंस. तुझ्या हातात कोबी-नूडल्सचा हा एवढा मोठा डाव. म्हणालीस, "बाळे, पोरगा सोन्यासारखा आहे, पण डोक्यावर कर्ज आहे त्याच्या. लग्नाचा कागद कोर्टात नोंदला गेला की त्याचं कर्ज ते तुझं कर्ज. आजीने तुझ्या नावावर केलेलं घर वर्षात जाईल. नवरा ठेव, नाच, पोरं काढ, पण तो कागद पाठवू नकोस." आणि डाव माझ्या नाकासमोर नाचवलास. नव्या पांढऱ्या झग्यावर लोण्याचा डाग पडला, तो अजून आहे.

फादर सिप्रियननी कागदावर सही केली होती आणि तो पोचवायची जबाबदारी खरं तर त्यांची. मी म्हटलं, फादर, मी कोर्टासमोरच्याच दुकानात काम करते, जाता जाता देईन. आपल्याकडे लग्नाची नोंद अनाथांच्या कोर्टात का होते हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही, पण त्या अनाथांच्या कोर्टासमोरून मी पुढची अकरा वर्षं रोज दोनदा गेले आणि आत एकदाही पाऊल टाकलं नाही. कागद आजीच्या बटणांच्या डब्यात, सगळ्यात खाली. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, तुला आणि मला. क्लेमला नाही.

का नाही सांगितलं? पहिल्या वर्षी वाटलं, त्याला लागेल. ज्या बाईने माझ्याशी लग्न केलं तिचाच माझ्यावर भरवसा नाही, असं म्हणेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, पहिल्या वर्षी का नाही सांगितलं असं विचारेल. मग टोनी झाला. मग काय, खोटं जितकं जुनं तितकं उकरायला जड. दर एप्रिलला टॅक्सच्या कागदावर 'विवाहित' पुढे खूण करताना मी तीनदा पेन टेकवून उचलायचे आणि क्लेम म्हणायचा, "रेनी, एवढी कशाला घाबरतेस, ही खूण तरी खरी आहे." मला तेव्हा टेबलाखाली शिरावंसं वाटायचं. मावशी, तू नेहमी म्हणायचीस, असू दे गं, घर तर वाचलं. घर वाचलं खरं, पण त्या घरात मी सव्वीस वर्षं चोरासारखी राहिले.

साथीच्या काळात सरकारने हप्ते थांबवले होते, तेव्हा जरा श्वास घेतला. मागच्या शरदात पुन्हा बिलं सुरू झाली. क्लेमने पाकीट फोडलं, आकडा वाचला आणि म्हणाला, "हे काही मी जिवंत असेपर्यंत सुटत नाही." कॉलेजचं कर्ज दिवाळखोरीतही सुटत नाही, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. मीही ऐकलं होतं. पण एका गुरुवारी चर्चच्या तळघरात आम्ही बायका शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोगी करायला बसलो होतो, मी बटाटा भरून पारीच्या कडा दाबत होते, तर समोरची डोलोरेस म्हणाली की तिच्या भाच्याचं सुटलं. मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला! तर तिने पिठाच्या हाताने पर्समधून वकिलाचं कार्डच काढून दिलं. म्हणाली, दोन वर्षांपूर्वी नियम जरा सैल झालेत, एक अर्ज भरायचा, तुमची ऐपत नाही हे दाखवायचं, सरकारचा वकीलच मान डोलावतो. रडू येत होतं म्हणून मी बटाट्याचं सारण तोंडात कोंबलं.

वकीलबाईंचं नाव यसेनिया पेराल्टा. हेझलटनची, आईवडील डॉमिनिकन, आपल्या टोनीहून थोडी मोठी असेल. ऑफिस न्हाव्याच्या दुकानावर, त्यामुळे खालून सारखं त्यांच्या देशाकडचं नाचाचं संगीत, आणि क्लेमचा पाय जो हलायला लागला तो थांबेचना. पोरगी हुशार. पहिल्याच मिनिटाला तिने बजावलं, "हे सगळं शपथेवर लिहायचं असतं. एक ओळ खोटी सापडली तर कर्ज राहीलच, वर शिक्षा. तेव्हा जे काय असेल ते मला आत्ता सांगा." मग नाव, पत्ता, वय. मग विचारलं, लग्न झालंय? आणि क्लेम छाती काढून म्हणाला, "सव्वीस वर्षं झाली!"

मावशी, गप्प बसले असते तर तो भला माणूस खोट्या शपथेवर सही करून बसला असता, आणि त्याची एकुलती एक संधी मी घालवली असती. बोलले असते तर तो मला घालवून बसला असता. मी डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. झालं नाहीये. कागद पाठवलाच नाही. डब्यात आहे. बटणांच्या. खालचं संगीतही नेमकं तेव्हाच थांबलं, इतकं मेलं गचाळ नशीब माझं.

क्लेम उठला आणि जिना उतरून गेला. मी मागे धावले. गाडीला टेकून उभा होता, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, शिव्या दे, ओरड, पण बोल. मग वळला आणि विचारलं, "म्हणजे सव्वीस वर्षं तू मोकळी होतीस?" मी म्हटलं, हो. "कधीही पिशवी उचलून जाऊ शकत होतीस? कुठे सही नाही, कोर्ट नाही?" हो. "मी दीड वर्ष घरी बसलो होतो तेव्हासुद्धा?" हो. "माझी आई राहायला आली होती तेव्हासुद्धा?" हो रे बाबा, तेव्हासुद्धा. "आणि गेली नाहीस," तो म्हणाला. आणि मावशी, त्याचा चेहरा असा काही उजळला की मला कळेना हा माणूस वेडा झालाय की काय. लॉटरी लागलेला माणूसही इतका खूष दिसत नाही.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून यसेनिया ओरडली, "अहो, वर या दोघं! तुमचं लग्न झालेलं आहे!" रस्त्यावरची चार माणसं वर बघायला लागली. वर गेल्यावर तिने समजावलं. कागद पोचला नाही म्हणून लग्न मोडत नाही. परवाना घेतला होता, पाद्रीबाबांसमोर वचनं दिली होती, अख्खं गाव साक्षीला होतं. आणि आपल्या राज्यात तर २००४ सालाच्या अखेरपर्यंत दोन माणसांनी एकमेकांना 'तू माझा नवरा, तू माझी बायको' असं म्हटलं आणि तसे राहिले तर कागदाशिवायही कायदा त्यांना नवरा-बायको मानायचा. क्लेमचं तोंड उतरलं. "म्हणजे मोकळी नव्हतीसच?" यसेनिया म्हणाली, एक दिवसही नाही. "अरेरे," क्लेम म्हणाला, आणि तिघंही असे हसत सुटलो की खालून न्हावी वर बघायला आला.

पण तू नीट ऐक, यापुढचं तुझ्यासाठी आहे. तिने विचारलं, कागद ठेवला का लपवून? मी तुझं नाव न घेता तुझा सल्ला सांगितला. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, कर्ज लग्नाच्या आधीचं, सही त्याच्या एकट्याची, घर तुमच्या एकटीच्या नावावर. लग्न नोंदवलं असतं, नसतं, ते कर्ज तुमच्या दारात येणारच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सव्वीस वर्षांचा! आता रागावू नकोस. मी रागावलेली नाही. तू आजीचं घर वाचवायला निघाली होतीस, आणि ते घर म्हणजे तेव्हा माझ्याजवळचं सगळं होतं, हे मला कळत नाही का? फक्त एकदा कुणाला तरी विचारायला हवं होतं गं. तू नाही, मीच. पंचवीस वर्षांची घोडी होते मी.

क्लेमला मात्र लागलंच. वकिलाच्या ऑफिसात हसला, पण घरी येताना त्याने गाडीतला रेडिओ बंद केला. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "तुला घराची भीती होती तर मला सांगायचंस. मी स्वतः तो कागद डब्यात ठेवला असता आणि वर बटणं ओतली असती." मग मी जी रडले ती घर येईपर्यंत. तेवढं एकदाच बोलला, पुन्हा विषय काढला नाही. असा आहे.

पुढचे आठ महिने अर्ज. कर्ज त्याचं, दिवाळखोरी त्याची, पण बायको म्हणून माझा शाळेच्या कॅन्टीनमधला पगारही त्यात लिहायचा. मी जरा कुरकुरले, तर यसेनिया म्हणाली, "बाई, तुम्हीच तर लग्न झालेलं हवं म्हणत होता ना!" पण खरी पंचाईत क्लेमची. आपली ऐपत नाही असं लिहायला त्याचा हातच उठेना. खर्चाच्या यादीत निम्मे खर्च गाळले. कपड्यांपुढे लिहिलं, गरज नाही. दातांपुढे लिहिलं, बरे आहेत. मावशी, त्याची दाढ दोन वर्षं दुखतेय! कर्ज का फेडू शकत नाही ते तुमच्या शब्दांत लिहा, अशी जागा होती, तिथे याने लिहिलं, "प्रयत्न करीन." यसेनियाने कागद टराटरा फाडला. म्हणाली, "साहेब, हा नोकरीचा अर्ज नाही. आयुष्यात एकदाच तुम्हाला खरं रडगाणं गायचंय, तेही सुरात येत नाही?" आपल्या गावची खाणकामगार माणसं अशीच. आजोबा पाय तुटल्यावरही डॉक्टरला 'मजेत आहे' म्हणालेले, आठवतंय ना? शेवटी तो बोलायचा आणि मी लिहायचे, आणि तो उठून गेला की मी खरं लिहायचे.

मग चौकशीचा दिवस. हल्ली ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते. क्लेमने लग्नातला सूट घातला, बटण लागेना, मी पिन मारली. कोर्टाने नेमलेले गृहस्थ पडद्यावर आले, शपथ दिली आणि घरातल्या मालमत्तेची यादी वाचत गेले. गाडी, सोफा, टीव्ही. मग म्हणाले, एक जुनं अकॉर्डियन, किंमत सहाशे डॉलर, बरोबर? बरोबर म्हणायचं होतं, बस्स! क्लेम ताठ झाला. "सहाशे? साहेब, हे इटलीचं आहे. हाताने बसवलेले सूर आहेत. असं अकॉर्डियन आता बनत नाही!" मी टेबलाखालून अशी लाथ मारली की मांजर उडालं. यसेनियाने दुसऱ्या चौकटीत डोळे मिटून घेतले. ते गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "मिस्टर युर्कानिन, मी बावीस वर्षं हे काम करतोय. वस्तू स्वस्त आहे सांगणारे रोज भेटतात. महाग आहे म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच. कितीचं म्हणता?" आता क्लेमला घाम. म्हणाला, "भात्याची एक घडी फाटलीय. तीन बटणं अडकतात." "मग?" "मग सहाशे," असं पुटपुटला. ते गृहस्थ पुढच्या ओळीवर गेले, पण मला दिसलं, हसत होते.

त्यानंतर वाट बघणं. सरकारच्या वकिलाने आणखी कागद मागितले. कर्जवाल्यांना क्लेमने तीस वर्षांत पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत घरात जपून ठेवली होती, बुटांच्या चार खोक्यांत. यसेनिया म्हणाली, या खोक्यांनी निम्मी केस जिंकली, कारण फेडायची दानत होती हेच तर दाखवायचं असतं. ऑक्टोबरात सरकारी वकिलाने लिहून दिलं की आमची हरकत नाही. आणि मागच्या मंगळवारी सही.

आता गुरुवारचं ऐक. मी नेहमीसारखी तळघरात पिरोगी करायला गेले. कुणाला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, दिवाळं निघालेल्या घराची चव्हाट्यावर कशाला चर्चा? साडेदहाला दार उघडलं आणि क्लेम, कामाच्या कपड्यांत, गळ्यात अकॉर्डियन. शाळेतून अर्धी सुट्टी काढून आला होता. एक शब्द बोलला नाही, सरळ पोल्का नाचाची धून सुरू केली. डोलोरेसने माझ्याकडे बघितलं, मी 'हो' म्हणून मान हलवली, आणि तिने अशी किंकाळी फोडली की वरून पाद्रीबाबा धावत आले. मग काय! अकरा बायका, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिठाचे, एकमेकींच्या कमरेला धरून टेबलांमधून नाचत होत्या. माझ्या पाठीवर आठ जणींचे पंजे उमटले. भांड्यातलं पाणी उतू गेलं, पाच डझन पिरोगी फुटून लापशी झाली, आणि शुक्रवारच्या विक्रीत त्या आम्ही 'पिरोगी सूप' म्हणून विकल्या. संपल्याही. आणि क्लेम वाजवतच होता, तीन बटणं अडकत होती तरी.

काल आम्ही दोघं अनाथांच्या कोर्टात गेलो आणि तो कागद दिला. खिडकीतल्या बाईने उलटून पालटून बघितला, आत जाऊन साहेबांना दाखवला, फोन केले. शेवटी विचारलं, "हा सव्वीस वर्षं होता कुठे?" क्लेम म्हणाला, "बटणांत." तिने पुढे काही विचारलं नाही, शिक्का मारला. फादर सिप्रियन जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांची सही कशी ठसठशीत आहे. बाहेर पायऱ्यांवर क्लेमने माझा मुका घेतला, भर दुपारी, कोर्टात दंड भरायला आलेल्या लोकांसमोर. मी लाजले. या वयात!

आता हे पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. यसेनियाला आभाराचा केक द्यायला गेले तेव्हा मी तिला सहज म्हटलं की माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिचा नवरा बेनी एक्याण्णव साली गेला. त्याच्या नावावर तिला विधवेचं सरकारी पेन्शन मिळतं. पुढे बासष्टाव्या वर्षी तिला एक फार चांगला माणूस भेटला, पण पुन्हा लग्न केलं तर पेन्शन बंद होईल म्हणून गेली एकोणीस वर्षं ती त्याला 'मिस्टर ब्रेनन' म्हणते, आणि शेजारणी आल्या की त्याला मागच्या दाराने बाहेर काढते. यसेनियाने केकची सुरी खाली ठेवली. म्हणाली, साठीच्या आत लग्न केलं असतं तर गोष्ट वेगळी. साठीनंतर केलं तर बेनीचं पेन्शन तसंच चालू राहतं, एक पैसा कमी होत नाही. माझ्यासमोर पेन्शनच्या ऑफिसला फोन लावून तिने खात्री केली. मावशी, तू एक्याऐंशीची आहेस! मला ठाऊक आहे, आता तू पत्र खाली ठेवलं असशील आणि गॅसकडे गेली असशील. तेव्हा मिस्टर ब्रेनन, पुढचं तुम्हीच वाचा, मोठ्याने. आम्ही दोघं फेब्रुवारीत येतोय, क्लेम अकॉर्डियन आणतोय, केक मी करीन. तिला आज विचारा, आत्ता, ती नको म्हणाली तर उद्या पुन्हा विचारा. आणि लग्नाचा कागद तुम्ही स्वतः कोर्टात नेऊन द्या, तिच्या हातात अजिबात देऊ नका. मला तुम्हाला एकदा तरी काका म्हणायचंय.

तुझीच, आणि कालपासून शिक्क्यासकट क्लेमची,
रेनी